सुतकातलं भात

वाडीचे पैसे गेले हे मला निलेशच्या रिक्षात कळलं. पौषातली सकाळ होती आणि मी गुडघ्याचं औषध आणायला पालीला निघालो होतो. रिक्षा आमच्याच वाडीतल्या निलेशची. मागे माझ्या शेजारी विठू आणि त्याची बायको गंगा बसली होती. ती दोघं बौद्धवाडीतली. त्यांची शेतं आमच्या शेतांना लागून आहेत, मधे फक्त एक मेर, मातीचा बांध.

विठूचा फोन वाजला. चष्मा घरी राहिला होता म्हणून त्याने तो माझ्या हातात दिला.

"बघ रे बाबाजी, बँकेचं दिसतंय काय तरी."

मी वाचलं. ऑक्टोबरच्या पावसात भात गेलं, त्याचं सरकारी अनुदान त्याच्या खात्यात जमा झालं होतं. मी वाचून दाखवलं. गंगा पदर नीट करत बाहेर बघत बसली. निलेशने रिक्षा कडेला घेतली, स्वतःचा फोन काढून वरखाली केला आणि पुन्हा खिशात टाकला.

"आमाला नाय आला," तो म्हणाला.

"येईल. सगळ्यांना एकदम नाय पाठवत ते," विठू म्हणाला.

पण पालीच्या बाजारात बौद्धवाडीतला जो भेटला त्याला पैसे आले होते आणि आमच्या वाडीतल्या कोणालाच आले नव्हते. दुपारी निलेश तलाठ्याला जाऊन भेटला. येताना त्याने मला पुन्हा रिक्षात घेतलं तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. आमच्या वाडीचा पंचनामाच झाला नव्हता. प्रत्येकाच्या नावापुढे एकच शेरा होता, शेतकरी हजर नाही.

निलेशने रिक्षा घाटातून खाली आणली. मग म्हणाला, "बाबाजीदादा, वयनीनं आणखी आठवडाभर कळ काढली असती तर वाडी तरली असती बघ."

वयनी म्हणजे माझी बायको, हौसा. तो हसत हसत बोलला. त्याच्या मनात वाईट नसेलही. पण संध्याकाळपर्यंत तेच वाक्य वाडीत सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि तेव्हा कोणी हसत नव्हतं.

हौसा ऑक्टोबरात भातकापणीत गेली. मी तीस वर्षं मुंबईत एका कंपनीच्या कँटीनला भटारी होतो. शेत केलं ते तिने. सातबाऱ्यावर नाव माझं, सरकारी हप्ता माझ्या खात्यात, पण नांगराला माणूस मिळवण्यापासून भाऱ्यांची उडवी रचण्यापर्यंत सगळं तिचं. मी रिटायर होऊन आलो तरी तिने मला कधी मेरेवर नीट उभं राहू दिलं नाही. म्हणायची, "तुमी भाजी चिरा, ती तुमाला जमते."

यंदा तिला कापणीत ताप आला. अंग दुखतंय म्हणाली, मग डोळे पिवळे झाले. रत्नागिरीला नेली. डॉक्टरांनी लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा ताप सांगितला आणि उशीर झालाय हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आमची सगळी वाडी एकाच भावकीची. कितव्या पिढीला वेगळे झालो ते कोणाला सांगता येणार नाही, पण सुतक सगळ्यांना लागतं. बारावं होईपर्यंत कोणी शेतात पाऊल घालत नाही, भाताला हात लावत नाही. भात म्हणजे लक्ष्मी, ती सुतकात हलवायची नाही. हा नियम सांभाळतात बाबल्याआबा. ते वाडीचे गावकर, म्हणजे मुख्य मानकरी, माझ्या वडिलांच्या चुलतभावाचे थोरले चिरंजीव. मला त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. हौसाला खांदा त्यांनी पहिला दिला, आणि तेरा दिवस माझ्या गुरांना पाणी त्यांच्या सुनेने पाजलं. पण जे झालं ते सांगायला हवं.

आम्हाला मुलगा नाही. मुलगी मनस्वी सावर्ड्याला दिलेली. म्हणून क्रियेला मीच बसलो होतो, माजघराच्या कोपऱ्यात, कांबळ्यावर. वाडीतलं बहुतेक भात कापून खाचरात पसरलेलं होतं. दोन उन्हं लागली की भारे बांधायचे, अशा बेताचं. हौसाचंही तसंच पडलं होतं. आणि आभाळ भरून आलं.

विठू आला. तो अंगणात उभा राहिला, मी आतून त्याचा आवाज ऐकला.

"आबा, पाऊस येतोय. आमच्यात सुतक नसतं. तुमी घरात बसा, आमी सगळे मिळून तुमचं भात उचलतो. उडव्या रचून देतो खळ्यात. मग तुमचं काय ते झोडा सावकाश."

बाबल्याआबा पडवीत बसले होते. ते म्हणाले, "सुतकात भात हलवायचं नाय, विठू."

"तुमी कुठे हलवताय? आमी हलवतोय."

"तुमच्या हातानं आणि..." आबा एवढंच बोलले. पुढचं बोलायची गरज नव्हती. अंगणात सगळ्यांना कळलं. विठूलाही कळलं. तो जायला वळला आणि म्हणाला, "बरं. बाबाजीला सांगा मी येऊन गेलो."

मला सांगायला कोणी आलं नाही. मी ऐकतच होतो. माझी बायको गेली होती, तिने कापलेलं भात होतं, आणि ते उचलायचं की नाही हे मला कोणी विचारलं नाही.

पाऊस रात्री लागला तो थांबलाच नाही. खाचरं भरली, पसरलेलं भात पाण्यात बुडालं, मग चिखलात बसलं आणि त्याला मोड आले. बारावं व्हायच्या आधीच कृषी सहायक मॅडम पंचनाम्याला आल्या. तरुण मुलगी, रेनकोट, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यांना फोनमध्ये प्रत्येक शेताचा फोटो काढायचा होता, आणि फोटोत शेतकरी त्याच्या शेतात उभा असायला हवा होता.

"सगळ्यांनी आपापल्या शेतात चला," त्या म्हणाल्या. "फक्त उभं राहायचंय."

कोणी हललं नाही.

"मॅडम, सुतक हाय," आबा म्हणाले. "बारावं झाल्यावर या. सगळे उभे राहू. तुमी म्हणाल तर डोक्यावर भारा घेऊन उभे राहू."

"काका, मला तारीख वरून येते. नंतर मी येईन असं मी सांगू शकत नाही."

"मग मेरेवर उभे राहतो. लांबनं काढा."

"मेरेवर चालत नाही. फोनमधलं अ‍ॅप ते शेतात मोजत नाही."

मी कांबळ्यावरून उठलो आणि दारापर्यंत आलो. आबांनी हात आडवा केला. "क्रियेला बसलेल्यानं उंबरा ओलांडायचा नाय बाबाजी. तिची वाट अडेल." मला तेव्हा तिच्या वाटेचं भय वाटलं. मी बसलो.

मॅडमनी आणखी एकदा विचारलं. मग त्या मेर ओलांडून बौद्धवाडीच्या शेतात गेल्या. तिथलं भात उशिराचं, कापायच्या आधीच पावसाने आडवं पडून कुजलं होतं. तिथे बाया, पुरुष, म्हाताऱ्या, सगळी आपापल्या कुजलेल्या भातात जाऊन उभी राहिली, फोटो निघाले. आमची माणसं पडवीतून बघत होती. निलेश तेव्हा म्हणाला होता, "बघ कसे नवरदेवासारखे उभे राहिलेत." सगळे हसले होते.

त्याच सुतकात निलेशची रिक्षा रोज रस्त्यावर होती. आबांचा नातू तिसऱ्या दिवशी मुंबईला कामावर गेला. पगाराला सुतक लागलं नाही, फक्त भाताला लागलं.

पैसे आले नाहीत हे कळल्यावर दोन दिवसांनी सहाणेवर बैठक बसली. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी ठेवतात तो दगडी चौथरा. मी एका कडेला बसलो. बोलणं फिरून फिरून हौसावर येत होतं. आधी म्हणाले वेळ वाईट होती. मग म्हणाले तिने अंगावर काढलं. मग एक म्हातारी म्हणाली, "हौसाचा पायगुण आधीपासनंच बरा नव्हता गो." एवढी वर्षं त्याच म्हातारीची लावणी हौसाने पाठ वाकवून केली होती.

मी म्हणालो, "विठू उचलायला आला होता. मॅडम फोटो काढायला आली होती. नाय कोण म्हणालं?"

आबा शांतपणे म्हणाले, "नियम मी केला नाय बाबाजी. मला दिला तसा मी पाळला. माझं पण भात कुजलं, तुझ्यापेक्षा जास्त."

ते खरं होतं. त्यांचं सगळ्यात जास्त गेलं होतं.

ठरलं असं की सगळ्यांनी अर्ज करायचे, पंचनामा पुन्हा करा म्हणून. कारण सुतकाचं द्यायचं, आणि पुरावा म्हणून प्रत्येक अर्जाला हौसाच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स लावायची. दाखला माझ्याकडे होता. मी दिला. निलेश पालीला जाऊन झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आला आणि सहाणेवर वाटला. ज्यांना मिळाली नाही ते मागत होते, "ए, एक हौसा इकडे दे."

निलेश आणि मी अर्ज घेऊन तालुक्याला गेलो. तिथल्या क्लार्कने एक अर्ज वाचला, दुसरा वाचला, मग सगळे पालथे करून मागचे दाखले बघितले.

"ही एकच बाई ना?"

"हो," निलेश म्हणाला.

"मग एवढ्या अर्जांना कशी?"

"सुतक सगळ्यांना होतं, साहेब."

"तुमची कोण लागत होती?"

"चुलत वयनी." निलेश बोटं मोजायला लागला. "चुलत चुलत. म्हणजे पाच-सहा पिढ्या मागे..."

"सरकार तेवढं मागे मोजत नाही हो." तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने माझा अर्ज तेवढा बाजूला काढला आणि विचारलं, "तुमची मिसेस?" मी मान हलवली. त्याने दाखला पुन्हा नीट घडी करून लावला.

मग त्याने समजावून सांगितलं. सुतक हे कारण चालणार नाही. पंचनामा राहून गेला एवढंच लिहा. सोबत लगतच्या शेतकऱ्याची सही आणा. ज्याने नुकसान डोळ्यांनी पाहिलंय आणि ज्याचा स्वतःचा पंचनामा झालाय, असा. प्रत्येक अर्जाला. मग पाहणी लावता येईल का ते साहेब बघतील. "आणि तोपर्यंत शेतात आहे ते तसंच ठेवा."

"कुजलेलं?" मी विचारलं.

"काढलंत तर पाहणार काय?"

बाहेर आल्यावर निलेश म्हणाला, "लगतचा म्हणजे विठूच." आमच्या सगळ्या खालच्या खाचरांना मेर एकाच शेताची लागते. विठूच्या.

आबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू जा बाबाजी. सुतक तुझ्या घरातलं होतं. तुला नाय म्हणणार नाय तो."

मी गेलो. विठू अंगणात पाटीला काथ्या बांधत बसला होता. मला बघून म्हणाला, "ये. बस. चहा चालेल? की सुतक फिटायचंय अजून?"

"चालेल," मी म्हणालो.

गंगाने चहा आणला. मी जिथे टेकलो होतो तिकडे बोट करून ती म्हणाली, "हौसा तिथंच बसायची. त्याच पायरीवर. पाणी मागायची तर आधी बाहेरनं हाक मारायची, कोण बघत नाय ना म्हणून." ती थोडं हसली. "मी म्हणायचे, अगो, तुझ्या वाडीतनं आमच्या माठातलं पाणी दिसतंय काय?"

मला हे ठाऊक नव्हतं. हौसाने घरी कधी सांगितलं नव्हतं. तिला मी काय म्हणेन असं वाटलं होतं, कोण जाणे.

"ताप आला त्या दिवशी पण इथं आली होती," गंगा म्हणाली. "पोटऱ्या फुटतायत म्हणाली. मी म्हटलं, घरी जा, नवऱ्याला सांग, दवाखान्यात नेईल. तर म्हणाली, एवढं खाचर पाडते नि जाते. पाडलं पण तिने. मी मेरेवरून बघत होते. शेवटची मूठ बसून कापलीन."

मी चहा पुरा केला. कप पायरीवर ठेवला. मग विठूला सहीचं सांगितलं.

विठूने सगळं ऐकलं. अर्जांचा गठ्ठा बघितला, पण हातात घेतला नाही.

"तुझा दे," तो म्हणाला. त्याने गंगाकडून चष्मा मागून घेतला, माझा अर्ज पुरा वाचला आणि खाली सही केली. मोठी, सावकाश सही. "हे मी पाहिलंय. पाऊस यायच्या आधी पाहिलंय, नंतर पाहिलंय. कुठल्या कोर्टात सांगू सांग."

"बाकीचे?"

"बाकीच्यांचं पण पाहिलंय."

"मग?"

"मग त्यांनी यावं. एकेकानं आपला कागद घेऊन यावं. मी नाय म्हणणार नाय. चहा पण देतो."

"विठू, ते नाय येणार."

"का? पाय मोडलेत?" तो पाटी बाजूला सारून माझ्याकडे वळला. "बाबाजी, मी तुमच्या अंगणात आलो होतो. न बोलावता आलो होतो. माझ्या हातानं भात बाटत होतं. आता माझ्या हाताची सही चालते? चालत असेल तर चांगलंच. तेवढं येऊन सांगा म्हणावं. मला दुसरं काय नको."

मी कागद गोळा केले. निघताना तो मागून म्हणाला, "तुझा तेवढा लगेच देऊन टाक. यांच्यासाठी थांबू नको."

संध्याकाळी मी सहाणेवर विठूचा निरोप जसाच्या तसा सांगितला. निलेश उठून उभा राहिला. "पैशाचा माज आलाय त्याला."

"त्याचे पैसे त्याच्या कुजलेल्या भाताचे हायत," मी म्हणालो.

"सही तर मागतोय आपण, पोरगी नाय मागत," कोणीतरी मागून बोललं, थोडं हसू झालं आणि विरलं.

आबांनी सहाणेवरची माती हाताने झाडली. मग म्हणाले, "एकेकानं त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. त्यालाच बघायचंय ते. मॅडमनी सांगितलं तेव्हा आपण आपल्या शेतात उभे राहिलो नाय, आता त्याच्या अंगणात उभे राहू?" ते माझ्याकडे वळले. "तुझा पण देऊ नको बाबाजी. द्यायचे तर सगळ्यांचे एकत्र, नाय तर कोणाचाच नाय. वाडी म्हणून राहू."

"आणि मग काय सांगणार लोकांना? पैसे का गेले?"

"सांगायचं काय? वेळ वाईट होती."

"हौसा वाईट होती, असं सांगणार."

"तसं कोण म्हणतंय?"

"सगळे म्हणतायत आबा. तुमच्या समोर म्हणतायत."

मी तिथून उठलो. मला कोणी थांब म्हणालं नाही.

घरी येऊन मी अर्जाला आणखी एक कागद जोडला. मला लिहायची सवय नाही. भटारखान्यात सामानाची चिठ्ठी लिहायचो तेवढंच. मी लिहिलं की माझी बायको हौसा हिने कापलेलं भात पावसाच्या आधी उचलायला शेजारचे शेतकरी तयार होते, आमच्या भावकीने उचलू दिलं नाही. पंचनाम्याच्या दिवशी मॅडम आल्या होत्या, त्यांनी दोनदा विचारलं, आमच्यातलं कोणी शेतात उभं राहिलं नाही. यात मॅडमचा दोष नाही, शेजाऱ्यांचा नाही आणि माझ्या मेलेल्या बायकोचा नाही. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन दिला. क्लार्कने जोडलेला कागद वाचला आणि म्हणाला, "काका, हे लावू नका. हे तुमच्याच विरुद्ध जाईल. शेतकरी हजर नव्हता हे तुम्ही स्वतः लिहून देताय."

"खरं हाय ते."

"खरं असू द्या. पैसे मिळायला खरंच लिहावं लागतं असं नाही."

मी म्हणालो, "राहू दे तसाच." त्याने खांदे उडवले आणि शिक्का मारला.

वाडीत ते लगेच कळलं. कसं कळलं ते विचारायची गरज नाही, निलेशची रिक्षा रोज तालुक्याला जाते. त्या दिवसापासून निलेश मला बघून रिक्षा थांबवत नाही. आबांची सून गुरांना बघायला येत नाही. वाडीच्या विहिरीवर मी गेलो की बोलणं थांबतं. मला वाळीत टाकलं असं कोणी म्हणत नाही, आता तसं म्हटलं तर पोलीस येतात. माझ्याशी कोणाला काही काम नसतं, एवढंच. हौसाबद्दल मात्र आता कोणी काही बोलत नाही, निदान माझ्या कानावर तरी येत नाही. त्यांना माझ्यावर बोलायला मिळालंय.

मी सकाळी खाचराच्या मेरेवर जाऊन उभा राहतो. भात काळं पडून जमिनीला चिकटलंय. मुठी अजून ओळखू येतात, तिने ओळीने ठेवलेल्या. इतर वर्षी या दिवसांत इथे पावटा टाकून झालेला असायचा. पलीकडे विठूच्या शेतात तो हातभर आलाय. त्याने दोनदा विचारलं, नांगर पाठवू का. मी नको म्हणालो, ऑफिसने हात लावू नका सांगितलंय.

मनस्वी फोनवर म्हणते, "बाबा, सोडा ते. इकडे या." मी म्हणतो, पाहणी झाली की येतो.

परवा तालुक्याला फोन केला होता. साहेब रजेवर आहेत आणि माझा अर्ज त्यांच्या टेबलावर आहे. पाहणीची तारीख लागलेली नाही. वाडीतले बाकीचे अर्ज सहीवाचून आबांच्या घरी पडून आहेत. विठूच्या अंगणात अजून कोणी गेलेलं नाही.